एकटीनं ऐकायचा डबा

मी थकलोय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी ‘किती करता हो बायकोचं’ म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला नको. सहा महिन्यांपूर्वी प्रमोदिनीची डावी बाजू गेली. पाय ओढत का होईना चालते, बोलणं शाबूत आहे, पण डाव्या हाताची बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत. तिची अंघोळ, वेणी, गोळ्या, स्वयंपाक, सगळं माझ्या गळ्यात. रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, रोज सकाळी भोसले घाटावर जाऊन निवांत बसेन. कसलं निवांत नि कसलं काय.

प्रमोदिनीनं तीस वर्षं याच घरात बनारसच्या पोरींना व्हायोलिन शिकवलं. जीभ पहिल्यापासून तिखट. सूर लागत नसेल तर गप्प बसायला शिका, असं तोंडावर सांगायची. आता स्वतःचीच बोटं घसरताना ती ते कुणाच्या कानावर कसं पडू देणार? आमची गल्ली अशी की एका घरात फोडणी पडली की चार घरांत शिंका येतात. शेवटी मुलीनं, ईशानीनं, पुण्याहून विजेचं व्हायोलिन पाठवलं. त्याला पोकळ पोट नसतं, नुसतं वाजवलं तर डासाइतका आवाज. हेडफोनवर ऐकायचं तर मधे छोटा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. विकत मागवू म्हटलं, तर बाईसाहेबांना त्यातलं एकही पसंत पडेना. बटणं बारीक, एका हातानं फिरत नाहीत. तुम्हीच करा म्हणाली. आणि वर एक अट घातली.

“ते फक्त मला ऐकू आलं पाहिजे. बोटं परत येतायत का, ते मला एकटीला बघायचंय.”

एवढंच ना, म्हटलं, आणि कामाला लागलो. म्हणायला सोपं. पहिला डबा केला त्यात आवाज पत्र्यासारखा किरकिरा. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की त्या व्हायोलिनचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारा भाग, फार नाजूक, त्याच्यावर जरा भार पडला की खर्ज गायब. मग पुढे दहा लाख ओहमचा रेझिस्टर घातला आणि एक सर्किट वाढवलं. तर आता घरघर सुरू. या घराचं वायरिंग बाबा आदमच्या जमान्यातलं, अर्थिंग नावालाच. मग वीजच नको म्हणून बॅटरीवर आलो आणि सगळं सर्किट ईशानीच्या शाळेच्या दिवसांतल्या स्टीलच्या डब्यात बसवलं. घरघर गेली. दुधाच्या बाटलीच्या झाकणांएवढी दोन बटणं लावली. चौथ्या खेपेला बाईसाहेब म्हणाल्या, ठीक आहे. तिच्या तोंडून ठीक आहे म्हणजे पद्मश्रीच.

चूक झाली ती वेगळीच. डब्याला मी हेडफोनची दोन सॉकेटं लावली होती. एक तिचं, दुसरं तपासणीचं. नोकरीत असताना आमच्या रेल्वे कंट्रोलच्या टेलिफोन लाइनीवर सगळी स्टेशनं एकाच तारेवर असायची, कुणीही रिसीव्हर उचलावा आणि ऐकावं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकून लाइन धड आहे की नाही ते ठरवत आलो. सॉकेट लावताना मनात पाप नव्हतं, शपथेवर सांगतो. पाप नंतर आलं. दुसऱ्या सॉकेटातून एक लांब तार काढली, दाराखालून स्वयंपाकघरात नेली, आणि ती अर्थिंगची आहे म्हणून तिला ठोकून दिलं. बॅटरीच्या डब्याला कसलं आलंय अर्थिंग?

दुपारी चारला ती दार लावायची. इकडे मी कानात हेडफोन घालून भेंडी चिरायचो. पहिले काही दिवस नुसत्या मोकळ्या तारा. मग सा, रे, आणि पुढे सगळी घसरगुंडी. आता मांडी घालता येत नाही म्हणून ती खुर्चीत बसून व्हायोलिन हनुवटीखाली धरते, त्यामुळे तिचं पुटपुटणंही पिकअप पकडायचा. आधी सूर गुणगुणायची, मग बोटानं तो शोधायची. सापडायचा नाही. पुन्हा, पुन्हा, असं स्वतःलाच बजावायची. एकदा रडली. मी इकडे उभ्यानं रडलो आणि मग पोळ्या लाटल्या. तेव्हाच तार काढायला हवी होती. नाही काढली. खरं सांगू? दिवसभराच्या त्या उस्तवारीत तेवढाच अर्धा तास मला माझी जुनी बायको भेटायची.

अकराव्या दिवशी ती पंचमावर गेली. बोट घसरलं, परत आलं, आणि बसलं. स्वच्छ, भरलेला पंचम, सरळ उभा राहिला. माझ्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. चांगलं मोठ्यानं. चांगला सूर लागला की आमच्या घरात ते आपोआपच निघतं, त्याला काय करणार?

हेडफोनमधला सूर थांबला. खुर्ची सरकली. पाय ओढत येण्याचा आवाज आला आणि ती दारात उभी राहिली. तिनं माझ्या कानाकडे पाहिलं, मग तारेकडे.

“किती दिवस?”

“पहिल्यापासून.”

 ती भिंतीला टेकून उभी राहिली, दमलेली.

“अहो, माझी अंघोळ तुम्ही घालता. लुगडं तुम्ही नेसवता. रात्री कूससुद्धा तुम्ही बदलून देता. माझं म्हणून तेवढं एकच उरलं होतं.”

मी पंचमाबद्दल काहीतरी बोलायला गेलो. तिनं हातानंच थांबवलं.

त्याच संध्याकाळी डबा उघडून दुसरं सॉकेट काढलं. ती समोर बसून बघत होती. भोक राहिलं, त्यावर पत्र्याचा तुकडा बसवला. तिनं अंगठ्यानं तो दाबून पाहिला आणि डबा मांडीवर घेतला.

याला महिना झाला. रोज चारला ती दार लावते, अर्ध्या तासानं उघडते. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. मी चहा देतो, ती घेते. पंचम पुन्हा लागला का, मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्क मी घालवून बसलोय.