सल्ल्याची पाटी

बिबवेवाडीत माझं गॅरेज आहे. मार्चमध्ये कोथरूडचे दिग्विजयसाहेब जीप घेऊन आले. सोबत त्यांची बायको, पूर्वा मॅडम, आणि स्वतः विकत आणलेला गिअर ऑइलचा डबा. मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीत, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, तेच ऑइल घालायचं होतं.

मी म्हटलं, "साहेब, हे डिफरन्शियल लिमिटेड स्लिपचं आहे. चाक घसरू नये म्हणून आत क्लच प्लेटा असतात. त्याला नुसतं साधं ऑइल..."

"वैजनाथ, मी इंजिनिअर आहे. तू ओतायचं काम कर, तोंड चालवू नकोस."

बायकोसमोर, माझ्या दोन मेकॅनिकांसमोर म्हणाले. माझं वय अठ्ठावन्न. मी ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही.

काल दोघांनी तीच जीप टो करून आणली. वळताना आधी घरघरायची म्हणे, मग धक्के द्यायला लागली. खोलून बघितलं तर सगळ्या प्लेटा जळलेल्या. मी फळीवरची, अशा प्लेटांसाठी ऑइलमध्ये घालायच्या औषधाची वीतभर बाटली काढून साहेबांच्या हातात ठेवली.

"ही त्या ऑइलमध्ये मिसळली असती, तर काहीही झालं नसतं."

पूर्वा मॅडम भडकल्या. "अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'येथे न विचारता सल्ला दिला जात नाही.'

"आम्ही आलो तेव्हा ही पाटी नव्हती."

"नव्हती. आपण गेलात, त्याच संध्याकाळी मी रंगवली. सहा महिने आपलीच वाट बघत होतो."