चटणीचा हात

मी एक जुना फळा आहे, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. अंगावर येईल ते चारचौघांना दाखवायचं, हाच माझा धंदा. मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं अंगावर घेऊन उभा राहिलो. आज थोडं माझं ऐका.

मी जन्मानं फळा नव्हे. जावा बेटावर पारे नावाचं गाव आहे. तिथल्या एका भातगिरणीचं मी सागवानी दार होतो. गिरणी मोडली तेव्हा जुमादी सुताराने मला कापलं, रंधा मारला आणि काळा रंग फासला. कडीचं भोक बुजवायचं मात्र तो विसरला. ते अजून माझ्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि त्यात मुंग्यांच्या कैक पिढ्या नांदून गेल्या. त्यांनाही आता थोडंफार इंग्रजी येत असावं.

कारण पारेत इंग्रजीचं पीक घरोघर निघतं. दूरदूरच्या बेटांवरून मुलं येतात, भाड्याने सायकल घेतात, कुणाच्या तरी अंगणात राहतात आणि इंग्रजी शिकून परत जातात. असंच एक अंगण मिस्टर प्रसोजोंचं. आमच्याकडे शिकवणाऱ्याला मिस्टर नाहीतर मिसच म्हणायचं, मग तो लुंगी नेसून कोंबड्यांना दाणे टाकत का असेना. त्यांनी मला फणसाच्या झाडाखाली, पत्र्याच्या छपरात टांगलं. माझ्या बरोबर समोर स्वयंपाकघराची खिडकी आली, आणि त्या खिडकीत बू वगीरा.

बू म्हणजे आई, काकू, मावशी, सगळं एकातच. नवऱ्यामागे मुलाला घेऊन बू वगीरा तिथेच राहायच्या आणि त्या पोरांना जेवू घालायच्या. त्यांच्या हातचं पेचेल खायला शेजारच्या अंगणातली मुलंही काहीतरी कारण काढून येत. उकडलेल्या भाज्या, त्यांवर दगडी खलात वाटलेली शेंगदाण्याची तिखट चटणी आणि बाजूला तळलेला टोफू. वास माझ्यापर्यंत यायचा. फळ्याला नाक नसतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्या छपराखाली उभं राहून बघावं.

अंगणाचे नियम कडक होते. अंगणात फक्त इंग्रजी. जावानीज किंवा इंडोनेशियन शब्द तोंडून निसटला की गालावर पावडरचा पंजा! स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मात्र माफी होती. त्यामुळे ज्याला पोटभर बोलायचं असे, तो भांडी घासायच्या निमित्ताने आत शिरे. बूंची भांडी सदा लख्ख असत.

दुसरा नियम माझ्याशी जोडलेला. दर सोमवारी माझ्या माथ्यावर एक क्रियापद चढायचं. आठवडाभर उठता-बसता, जेवताना, सायकल पंक्चर झाली तरी, तेच वापरून रोजच्या जगण्यातली वाक्यं करायची. कधी ‘टेक’, कधी ‘गिव्ह’, कधी ‘मेक’. अंगणात पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यालाही सूट नाही. आधी एक वाक्य, मग पाणी.

ते माझे भरभराटीचे दिवस. केलुदचा ज्वालामुखी फुटला आणि गावभर राख बसली, त्या आठवड्याचं क्रियापद होतं ‘क्लीन’. मी राखेने पांढरा झालो होतो आणि खडू चालेना, तेव्हा मुलांनी माझ्या अंगावरच्या राखेत बोटांनी वाक्यं लिहिली. त्या गुदगुल्या मला अजून आठवतात.

मग मिस तियुर आल्या. त्या दुसऱ्या बेटावरच्या, मेदान शहराकडच्या, बाताक लोकांतल्या. बाताक माणूस मनात एक आणि ओठांवर एक ठेवत नाही. आमची जावाची मंडळी बरोबर उलटी. पाहुण्याला कितीही भूक लागलेली असो, तीनदा विचारल्याशिवाय तो ताटाला हात लावायचा नाही. मिस तियुर आल्या आणि पहिल्याच सोमवारी त्यांनी माझ्या माथ्यावर लिहिलं, ‘वॉन्ट’.

झालं! अख्खा वर्ग मूग गिळून बसला. निंग्सिह नावाची, जावातल्याच सोलो शहराची एक गोड मुलगी होती. पावडरचा डबा त्या आठवड्यात तिच्याकडे होता. ती उठून म्हणाली, “माझ्या आजीला चहा हवा आहे.” इंग्रजीतच म्हणाली, बरं का, मी आपल्या बोलीत सांगतोय.

“आणि तुला?” मिस तियुरनी विचारलं.

“मला... तुम्ही घेणार असाल तर.”

“मी घेणार नाहीये. तुला काय हवंय?”

निंग्सिह लाजून खाली बसली. शुक्रवारपर्यंत मी भरून गेलो. आजीला चहा हवा, शेजाऱ्याला पाऊस हवा, बकरीला गवत हवं. हवं ते उघड मागणारी त्या अंगणात बकरीच काय ती एकटी होती. मिस तियुरनी कपाळाला हात लावला. त्या हाताला खडू होता, त्यामुळे पावडर न लागताच त्या पांढऱ्या झाल्या.

मला मात्र हसू येत नव्हतं. त्याचं कारण खिडकीत होतं. आदल्याच रविवारी बूंचा मुलगा सुरोतो येऊन गेला होता. तो सुराबाया शहरात मोटारी दुरुस्त करतो. लहानपणी माझ्याच अंगावर त्याने वेडीवाकडी अक्षरं गिरवली होती. मायलेकांचं बोलणं मी खिडकीतून ऐकलं.

“आई, सुराबायाला येतेस ना आमच्याकडे? इथं एकटीने किती दिवस काढायचे?”

“तू म्हणशील तसं, बाळा.”

“तसं नाही, तुला यायचं असेल तरच.”

“मला कसलं आलंय! तुमची अडचण नको म्हणजे झालं.”

“अडचण कसली गं? शनिवारी गाडीच घेऊन येतो.”

“आण. सावकाश ये, रस्ता खराब आहे.”

तो गेला. बू शेंगदाणे वाटायला बसल्या आणि हळूच खलाशी बोलू लागल्या. “सूनबाईकडे मिक्सर आहे म्हणे. तुला तिथं कोण विचारणार रे? आणि मला तरी काय काम?” थोड्या वेळाने म्हणाल्या, “ही पोरं कुणाच्या हातचं खातील?” वाटता वाटता त्यांनी पदराने डोळे पुसले. मिरचीने झोंबले असतील असं मी स्वतःला समजावलं, पण मिरची अजून खलात पडायची होती.

मित्रांनो, भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. माझ्या माथ्यावर चांगलं मोठं ‘वॉन्ट’ लिहिलेलं होतं आणि समोर ती बाई आपलं घरदार सोडायला निघाली होती. आणि मला ओरडता येत नव्हतं. फळा होण्याचा एवढा राग मला आधी कधीच आला नाही.

शनिवारी दुपारी गाडी फाटकाशी थांबली. बूंचं गाठोडं बांधून तयार होतं आणि जड खल जुन्या बातिकच्या कापडात गुंडाळलेला होता. निरोपाचं पेचेल कालवायचं काम आत चाललं होतं. सुरोतो अंगणात शिरला तशी निंग्सिह पावडरचा डबा घेऊन आडवी आली. “आधी वाक्य!”

सुरोतो हसला. याच अंगणात वाढलेला, त्याला नियम ठाऊक. माझ्याकडे बघत तो ऐटीत म्हणाला, “माय मदर वॉन्ट्स टू कम टू सुराबाया.”

वर्गात खसखस पिकली. मिस तियुर ओरडल्या, “पुन्हा दुसऱ्याचंच! तुला काय हवंय ते सांग!”

तेवढ्यात स्वयंपाकघरात पळी पडल्याचा आवाज झाला. बू वगीरा चटणीने माखलेल्या हातानिशी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, झाडायला आल्या तरी कडेकडेने झाडत. आज सरळ आल्या. मुलाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. पोटच्या पोराला तोंडावर नाही म्हणायला त्यांच्या स्वतःच्या भाषेत त्यांची जीभ रेटली नसती. परकी भाषा त्या मानाने हलकी. त्यांनी माझ्या छातीवर थाडकन हात मारला आणि म्हणाल्या, “आय वॉन्ट टू स्टे हिअर!”

मग बांध फुटला आणि त्या घरच्या भाषेत सुटल्या. “कुणी सांगितलं मला सुराबाया हवंय म्हणून? राहायचंय मला! इथंच राहायचंय!”

“अगं मग तेव्हाच का नाही बोललीस?” सुरोतोही नियम विसरला.

“तू एवढ्या हौसेने न्यायला आलास. नको कशी म्हणू?”

“मला वाटलं तुला यायचंय आणि तू लाजतेस! आम्ही शहराबाहेर मोठं घर ठरवलंय. तुझ्या सूनबाईला, एंदाहला, कामावर जायला लांब पडणार, पण ती बिचारी काही बोलली नाही.”

“का नाही बोलली?”

“तुला यायचंय म्हणून!”

आधी बू हसल्या, मग सुरोतो, मग सगळं अंगण. मिस तियुर म्हणाल्या, “अरे देवा, सुराबायातसुद्धा बकरीच पाळायला हवी!”

आता पावडरचा प्रश्न आला. निंग्सिहचा हात काही बूंच्या दिशेने उठेना, मोठ्या माणसाच्या तोंडाला हात कसा लावायचा? बूंनीच गाल पुढे केला. “लाव गं. आय वॉन्ट पावडर!” मायलेकांचे चारही गाल पांढरे झाले आणि तसेच ते जेवायला बसले. त्या दिवशी निंग्सिहने न लाजता दुसऱ्यांदा टोफू मागून घेतला. गाडी गेली ती पेचेलचे डबे भरून, बू आणि खल मागेच राहिले.

सोमवारी मला पुसायला घेतलं. चटणीच्या तेलाचा पंजा काही निघेना, आणि त्या जागी खडूही उमटेना. मिस तियुरनी मग त्या पंजाला वळसा घालून लिहायची सवय करून घेतली.

पुढे सगळ्याच फळ्यांचं होतं तेच माझं झालं. गुळगुळीत पांढरा बोर्ड आला, त्यावर पेनाने लिहायचं. मला उतरवून भिंतीला टेकवलं. कोंबड्या माझ्यावर चढून बसू लागल्या. एक दिवस मिस्टर प्रसोजो म्हणाले, “सागवान आहे, चुलीला छान जळेल.” बू वगीरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि एका दमात म्हणाल्या, “मला हवाय तो.” कुणाला तीनदा विचारावं लागलं नाही.

आता मी स्वयंपाकघरात आहे. सकाळी माझ्यावर आजची भाजी लिहितात. वाफेने माझा रंग पोपडे धरतोय आणि एक सांधाही उघडलाय.

म्हणून मित्रांनो, तुमच्या शाळेच्या अडगळीत माझा कुणी भाऊबंद धूळ खात असेल, तर त्याला एकदा हात लावा. घरात कुणी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणत असेल, तर त्यांना पुन्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका. इतकी वर्षं दुसऱ्यांना काय हवं तेच मी अंगावर वागवलं. आज माझंही एक वाक्य होऊ दे. मला थोडा काळा रंग हवाय आणि आठवड्यातून एकदा ओलं फडकं हवंय. पण पुसताना जरा जपून. तो चटणीचा हातही मला हवाय.