बिनट्रायलचा कोट

मास्तरांनी उभ्या आयुष्यात ट्रायल न घेता कोट दिला नव्हता. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पाय आपटो नाहीतर आवाज चढवो, मास्तर आधी कच्चा टाका घालणार, तो अर्धामुर्धा कोट त्याच्या अंगावर चढवणार, खडूने खुणा करणार, टाचण्या लावणार आणि मग सगळं उसवून नव्याने शिवायला बसणार. या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नसत; बापाने, तोही शिंपीच, हेच शिकवलं होतं.

असा हा माणूस उतारवयात मुलीपाठोपाठ परक्या भाषेच्या गावात आला आणि पार मुका झाला. मुलीने ओळख काढून एका बाईंच्या शिवणाच्या दुकानात काम मिळवून दिलं. पुढे काउंटर, मागे मशीन, आणि मध्ये पडद्याआड ट्रायलची खोली. तिथे तीन आरसे आणि गिऱ्हाइकाला उभं करायला एक लाकडी ठोकळा. मास्तर मागे बसून पँटी आखूड करत, चेन बदलत. जीव मात्र पडद्यापलीकडे अडकलेला. हातात खडू असावा, समोर माणूस असावा आणि आरशात त्याची पाठ दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

एक दिवस बाई मागच्या खोलीत आल्या आणि मास्तरांना कळावं म्हणून अगदी सावकाश बोलल्या. "माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. ट्रायलचं काम तुम्ही घ्या. पण गिऱ्हाइकाशी बोलावं लागेल. नाही जमलं तर माझा भाचा दुकान घ्यायला टपलेलाच आहे. तो तयार कपडे विकेल आणि ट्रायलच्या खोलीत खोकी रचेल."

मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

बरं, भाषा येत नव्हती असंही नाही. संध्याकाळच्या वर्गात लेखी परीक्षेत ते पहिले येत. घोडं अडायचं ते तोंडाशी. बोलायचं म्हटलं की ते मनात वाक्य जुळवत, तपासत, मध्येच एखादा शब्द खटके, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर समोरचा निघून गेलेला असे. मुलीला ते म्हणत, "वाक्य पक्कं झालं ना, की बोलेन." आणि बायकोला म्हणत, "आता या वयात जीभ वळते होय?" कारणं दोन होती, पण दोन्हींचा निकाल गप्प बसणं हाच.

बायकोचं सगळंच उलटं. तिने वर्गाचं तोंड पाहिलं नव्हतं. पण भाजीवाला, शेजारीण, बसचा ड्रायव्हर, कुणालाही ती सोडत नसे. दोन शब्द त्यांचे, एक आपला, बाकी हातवारे. शेजारीण हसून चूक सुधारायची, ही त्याहून मोठ्यांदा हसायची आणि सुधारलेलं वाक्य पिशवीत टाकल्यासारखं घेऊन यायची. मास्तर शेजारी मेल्याहून मेल्यासारखे उभे.

"अगं, काय बोललीस ते! एका वाक्यात तीन चुका!"

"कांदे मिळाले ना?" ती म्हणे.

त्यानंतरच्या आठवड्यात एक धिप्पाड माणूस जाड काळं कापड घेऊन आला. बाईंनी मापं घेतली आणि ट्रायलला बोलावलं. नेमक्या ट्रायलच्या सकाळी बाईंनी डॉक्टरांकडची वेळ ठरवली होती. "तो आला की ट्रायल घ्या," असं सांगून त्या गेल्या, आणि त्या मुद्दामच गेल्या असाव्यात, असं मास्तरांना वाटून गेलं.

मास्तर तयारीला लागले. 'नमस्कार, आत या.' झालं. 'तुम्ही काम काय करता?' हा तर प्रत्येक शिंपी विचारतोच, कारण बसून काम करणाऱ्याचा कोट वेगळा आणि हिंडणाऱ्याचा वेगळा. तेही वाक्य जुळलं. मग त्यांनी ते पुन्हा तपासलं. एवढ्यात दाराची घंटी वाजली, तो माणूस आत आला, हसून गडगडाटी आवाजात काहीतरी म्हणाला आणि मास्तरांची जीभ टाळ्याला चिकटली. कोट तेव्हा तयार मिळेल अशा अर्थाने त्यांनी कॅलेंडरवर पुढच्या आठवड्यातल्या एका वारावर बोट ठेवलं. त्या माणसाने खांदे उडवले आणि तो गेला.

पुढे मास्तरांनी जे केलं ते त्यांच्या बापाने पाहिलं असतं तर कान उपटला असता. त्यांनी बाईंना ट्रायल झाली म्हणून खूण केली, आणि नुसत्या मापांवर कोट पक्का शिवून टाकला. शिवण इतकी सुरेख, की बाईंनी दोनदा हात फिरवून पाहिलं.

कोट गेला आणि दोन दिवसांत परत आला, त्या माणसाच्या अंगावरच. तो एका मोठ्या हॉटेलचा दरवान होता. दिवसभर दारात उभं राहून पाहुण्यांसाठी हात उंच करून टॅक्सी बोलावायची, हेच त्याचं काम. त्याने दुकानाच्या मधोमध उभं राहून हात वर केला. कोट पाठीत आवळला, पुढून सगळाच्या सगळा वर चढला आणि खालून शर्टातलं पोट बाहेर आलं. काउंटरपाशी उभं असलेलं एक गिऱ्हाईक खुदकन हसलं. दरवान हसला नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं.

बाईंना काय ते कळलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. "उद्या सकाळी तो परत येईल," त्या म्हणाल्या. "मी मध्ये पडणार नाही. दुपारी भाच्याला फोन करायचाय, काय सांगायचं ते तेव्हा ठरवीन."

मास्तर कोट घरी घेऊन आले आणि जेवायचं सोडून उसवत बसले.

"ट्रायलला नाही का कळलं?" बायकोने विचारलं.

मास्तर उसवत राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे पाहिलं.

"अहो! बिनट्रायलचा? तुम्ही?"

"ट्रायल घ्यायची तर बोलावं लागतं."

"मग बोलायचं."

"चुकलं असतं."

ती जवळ येऊन बसली. तिला खरोखरच नवल वाटत होतं. "तुम्ही गिऱ्हाइकाला एका बाहीचा कोट घालून आरशापुढे उभं करता. दोरे लोंबतायत, कॉलर नाही. तेव्हा नाही वाटत लाज?"

"तो काय कोट असतो? तो कच्चा असतो. चुका दिसाव्यात म्हणूनच तर घालायचा."

बोलून झाल्यावर मास्तरांचा हात थांबला. बायको उठून भांडी आवरायला गेली. एरवी इतकी बोलणारी बाई, पण कधी गप्प बसावं हे तिला बरोबर कळे.

सकाळी दरवान कपाळाला आठ्या घालून ठोकळ्यावर चढला. मास्तरांनी पाठीच्या शिवणीत आत राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, मोकळी करून, पांढऱ्या दोऱ्याच्या लांब लांब टाक्यांनी बाह्या नुसत्या अडकवल्या होत्या. त्यांनी तो कोट त्याच्या अंगावर चढवला. वाक्य जुळवायला मन धावलंच, पण त्यांनी ते जुळू दिलं नाही.

"हात," मास्तर म्हणाले. "वर. टॅक्सी... तू बोलाव."

पडद्यापलीकडे बाईंची कात्री थांबली.

दरवान क्षणभर बघत राहिला. मग त्याने हात वर केला. डावीकडचा टाका तुटला.

"इथे दुखणे?" मास्तरांनी बगलेत बोट लावलं.

"दुखत नाही, आवळतं," दरवान म्हणाला.

"आवळतं," मास्तर म्हणाले आणि तिथे टाचणी लावली. "पुन्हा. मोठा टॅक्सी."

दरवान हसला. त्याने असा हात उंचावला, की रस्त्यावर असता तर खरीच गाडी थांबली असती. मग त्याची टकळी जी सुरू झाली! थंडीत दारात कसं उभं राहावं लागतं, उजवाच हात कसा भरून येतो. मास्तरांना पुष्कळसं कळत नव्हतं. नाही कळलं की ते "काय?" म्हणत, आणि तो पुन्हा सांगे. चुकलं की तो सुधारी, आणि मास्तर सुधारलेला शब्द म्हणून बघत. मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला मजा येतेय. कितीतरी दिवसांनी आरशात कुणाची तरी पाठ होती आणि हातात खडू होता.

दरवान गेला. बाई पडदा सारून आत आल्या.

"माझं बोलणं," मास्तरांनी विचारलं, "वाईट?"

"फार वाईट," बाई म्हणाल्या.

दुपारची वाट न बघता त्या काउंटरकडे गेल्या आणि त्यांनी फोन उचलला. भाच्याशी त्या भरभर बोलल्या, नेहमीच्या वेगाने. मास्तरांना निम्मंच कळलं. त्या निम्म्यात 'येऊ नकोस' होतं. त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि टाका उसवायला सुरुवात केली.