अनुमान

तिळाएवढं तांबं. टॉर्चचा उजेड डावीकडे सरकवला की दिसे, उजवीकडे नेला की पुन्हा काळ्या वायरीत काळं होऊन जाई – आणि प्रभंजन मघापासून तेवढंच करत होता, डावीकडे, उजवीकडे, कधीतरी ते दिसायचं थांबेल अशा आशेनं. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून सीटवर ठेवलेलं, तो स्वतः पाय दाराबाहेर सोडून उताणा, मान पेडलांपाशी अवघडलेली. बावन्नाव्या वर्षी या आसनात फार वेळ राहू नये हे कळत होतं, तरी बाहेर यावंसं वाटत नव्हतं. बाहेर येऊन काय करायचं ते अजून ठरायचं होतं.

दोष म्हणाल तर एवढाच. या परदेशी गाडीचं स्टिअरिंग बटणानं खालीवर होतं. किल्ली काढली की आपणहून वर सरकतं, लावली की ठरल्या जागी येतं. आत एक लहानशी मोटर. बटण दाबलं की त्याची वायर गाडीच्या पत्र्याशी जोडली जाते, तिला अर्थिंग मिळतं आणि मोटर फिरते. ती वायर रोज खालीवर होऊन पत्र्याच्या कडेवर घासली, सोलली. गाडी उभी असताना तांबं आणि पत्रा यांत केसाएवढं अंतर. खराब रस्त्यावर हादरा बसला की टेकायचं, मोटरीला वाटायचं बटण दाबलं – आणि चालत्या गाडीत स्टिअरिंग हळूहळू मांडीवर उतरायचं. कुणाचा हात न लागता.

कुणाचा हात न लागता... हे चार महिन्यांपूर्वी याच शेडमध्ये मारुती सांगत होता. मारुती, धारवाडच्या होसमनी वकिलांचा ड्रायव्हर, एकोणीस वर्षं त्यांच्याकडे असलेला जुना माणूस. नाव मारुती आणि चालवायचा परदेशी गाडी, म्हणून प्रभंजन त्याची थट्टाही करायचा. त्या दिवशी मारुती म्हणाला होता, "अण्णा, हितं उभी करून काय कळणार तुम्हाला? एकदा माझ्यासंगं बसा की. रायापूरपर्यंत जाऊन येऊ." हुबळीच्या सगळ्या कमरीपेठेत ज्या मेकॅनिकच्या हाताला यश आहे म्हणतात त्याला, तीन गिऱ्हाइकांच्या देखत, एका ड्रायव्हरनं तपासणी शिकवायची... झोंबलं. प्रभंजन गेला नाही. त्यानं फ्यूज पाहिला, मोटर पाहिली, बटण पन्नासदा दाबलं, सगळं ठाकठीक. संध्याकाळी वकिलांचा फोन आला. तीस वर्षांत 'मला सापडत नाही' हे वाक्य त्यानं कुणाला म्हटलं नव्हतं, तेव्हा ते जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच – "नन्न अनुमान, ड्रायव्हरन कै अद री."

माझं अनुमान, ड्रायव्हरचा हात आहे. मराठीत अनुमान म्हणजे अंदाज, खुणांवरून बांधलेला तर्क, त्यात कुणाचं काही वाकडं होत नाही. कन्नडात अनुमान म्हणजे संशय. दुसऱ्याच दिवशी वकिलांनी मारुतीला काढून टाकलं. पुढं त्याला कुणी गाडी दिली नाही. चालत्या गाडीत स्टिअरिंगशी चाळे करतो म्हणून नाव झालं, आणि असली बातमी हुबळीहून धारवाडला बसच्या आधी पोचते. तो रायापूरला लाकडाच्या वखारीत ओझी उचलतो, असं कानावर आलं तेव्हा प्रभंजननं स्वतःला समजावलं: मी मराठीतलं अनुमान म्हटलं, वकिलांनी कन्नडातलं ऐकलं. दोन भाषांच्या गावात असं व्हायचंच. ही समजूत इतकी मऊ होती की चार महिने ती उशाला घेऊन त्याला झोप लागत होती.

गेल्या आठवड्यात वकील स्वतः गाडी चालवत होते, आणि स्टिअरिंग त्यांच्या मांडीवर उतरलं. ड्रायव्हर गेला होता, दोष राहिला होता.

पण मी तर इथलाच... घरात आईशी मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. शेजारच्या पार्वतीअक्काच्या घरातलं भांडं हरवलं तेव्हा ती मोलकरणीकडे बोट करून 'अनुमान' म्हणाली होती, आणि मी सात वर्षांचा असूनही मला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला नव्हता. मग फोन कानाशी असताना मला तो ठाऊक नव्हता? की ठाऊक होता म्हणूनच तो शब्द – दोन्हीकडून दार असलेला – जिभेनं शोधून काढला? प्रभंजननं डोळे मिटले. मोटरीत, वायरीत, बटणात दोष हुडकता येतो. एक एक सुटं करत गेलं की शेवटी उरतो तो दोष. इथं सगळं सुटं करून पाहिलं, आणि तो स्वतःच उरला.

तो उठला. बॅटरीची वायर सोडली, सोललेला भाग कापला, सोल्डर मारला, वर स्लीव्ह चढवली. पत्र्याची कड कानशीनं गुळगुळीत केली, वायर दुसऱ्या बाजूनं वळवून बांधली. काम तासाभराचंही नव्हतं, आणि याची त्याला लाज वाटली.

चार वाजता वकील आले. गाडी रस्त्यावर पाहायला हवी म्हणून प्रभंजन चालवायला बसला, वकील शेजारी. ते नेहमी कन्नडच बोलत.

"काय निघालं?"

"वायर घासली होती. हादरा बसला की टेकायची."

नवनगर मागे पडलं. मग वकील म्हणाले, "म्हणजे मारुती खरं सांगत होता."

"हो."

"तुमच्या शब्दावर मी त्याला काढलं." पुढं बोलले ते फार सौम्यपणे. "नंतर एकदा मनात आलं होतं. तुमच्या मराठीत अनुमान म्हणजे नुसता अंदाज ना? तसंच म्हणायचं असेल तुम्हाला. माझ्या ऐकण्यात चूक झाली."

वकील माणूस, संशयाचा फायदा द्यायची सवय. प्रभंजननं चार महिने जपलेलं वाक्य ते आपणहून त्याच्या पदरात घालत होते. नुसतं हो म्हटलं की झालं. दोघेही सुटले असते.

"इल्ला री," तो म्हणाला. "नाही. मी कन्नडातच बोललो होतो."

यानंतर हलकं वाटेल अशी त्याची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. रायापूरचा उखडलेला रस्ता लागला. गाडी आदळत होती, स्टिअरिंग जागचं हलत नव्हतं, आणि प्रत्येक खड्ड्याला मारुती निर्दोष ठरत होता.

"त्याचं घर ठाऊक आहे तुम्हाला?" वकिलांनी विचारलं. एकोणीस वर्षांत त्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं.

"नाही. वखारीत विचारू."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मारुतीशी आपण मराठीत बोलतो, हे त्याला आत्ता सुचलं. मराठीत तो शब्द स्वच्छ आहे. 'अरे, मी नुसतं अनुमान सांगितलं रे' – एवढं म्हटलं तरी पुरेल. मारुती मान डोलवील, 'असू द्या की अण्णा' म्हणेल. विश्वास ठेवील तो... आणि आपण ते म्हणणारच नाही, याची प्रभंजनला खात्री देता येईना.