पाप पाणी पिते काय?

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या नव्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर सकाळी सकाळी एवढी गर्दी झाली होती, की प्लॉटचा मालक आला असता तर त्यालाही मागंच उभं राहावं लागलं असतं. सन दोन हजार आठचा हिवाळा. मधोमध धुनी, धुनीच्या राखेत पुरलेले जाडजूड लोखंडी लोटे आणि त्यांच्यामागे वाघाच्या छापाच्या चादरीवर बसलेले जलाग्निनाथ महाराज. चादर पॉलिस्टरची होती, पण भक्तांना वाघच दिसत होता.

रात्रभर तापून आता गार झालेल्या लोट्यांची झाकणं चेला पान्यानं उघडत होता. काल संध्याकाळी लोट्यांत काय घातलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं : पऱ्हाटीचे म्हणजे कपाशीच्या काड्यांचे तुकडे, संत्र्याच्या साली, तुरीचा पाला आणि भरपूर पाणी. आता निघाला कोळसा! पाण्यात बुडालेला, काळाकुट्ट, बोटांत धरला की चुरा होणारा. वासही करपलेल्या गुळासारखा.

"देखो भक्तहो!" महाराज गरजले. "पाणी आग विझवते, पण माझ्या लोट्यात पाणीच जाळते! जल आणि अग्नी जन्माचे वैरी. त्यांचं लगीन मी लावलं!"

"आन् मांडव आमच्या लेआउटात," मागून कोणीतरी पुटपुटलं. चेल्यानं तिकडं डोळे वटारले.

नियम सोपा होता. एका घराचा एक लोटा. घर शुद्ध असेल तर पाल्याचा कोळसा होणार, घरात पाप असेल तर पाला कच्चा राहणार. कोळसा निघालेली घरं खुशीनं दक्षिणा देत आणि कच्ची घरं भीतीनं. महाराजांचं दोन्हीकडून भागत होतं.

पंचफुलाबाईंचा लोटा उपडा झाला. कोळसा! पाण्याचा लोंढा थेट शेजारच्या शोभाबाईंच्या पायांवर आला, पण त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. त्या पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. आता पाळी त्यांच्या लोट्याची.

चेल्यानं लोटा उलटा केला. थोडंसं पाणी गळलं आणि मागोमाग उकडलेल्या अंबाडीसारखा एक गोळा थपकन पडला. पाला तपकिरी झाला होता, पण पालाच होता.

"अरेरे," महाराजांनी डोळे मिटले. "घरात कोणी नवीन आलं काय, माई?"

"सून आली, महाराज. मागच्या उन्हाळ्यात."

"शंका काढते?"

शोभाबाईंनी मान डोलावली. मागच्या आठवड्यात त्यांची सून हर्षा इथंच उभी राहून विचारती झाली होती, "महाराज, आतलं पाणी किती तापते?" हर्षा नुकतीच वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती. महाराजांनी तेव्हा नुसतं हसून पाहिलं होतं.

"आज पुन्हा लोटा भरा. उद्या पण कच्चा निघाला, तर सुनेला वर्षभर माहेरी ठेवा. नाहीतर घर बसेल."

"तुमचा शब्द तो माहा शब्द, महाराज," शोभाबाई सगळ्यांसमोर बोलून गेल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! पंचफुलाबाईंनी पदरात तोंड लपवून हळहळ व्यक्त केली. ती हळहळ बरीच आनंदी होती.

शोभाबाईंनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा हर्षा रडली नाही. तिनं खाटेवर बॅग ठेवली आणि कपड्यांच्या घड्या करू लागली. वर्षभर माहेरी आर्वीला बसायचं म्हणजे शाळेतली नोकरी गेली आणि नवऱ्याचं घरही अर्धं गेलंच. नवरा प्रफुल चहात बिस्किट बुडवून बसला होता.

"तू काही बोलशील का नाई?" हर्षानं विचारलं.

"आईच्या समोर मी काय बोलू?" प्रफुल म्हणाला आणि त्याचं बिस्किट चहात पडलं.

शोभाबाई स्वयंपाकघरात होत्या. मन थाऱ्यावर नव्हतं. सून खरं म्हणजे त्यांना आवडत होती. पोरगी तोंडाची फटकळ, पण मनाची साफ. आता सांगायचं कुणाला? त्यात कुकर सूं सूं करत होता, पण शिट्टी काही देत नव्हता. शेवटी त्यांनी झाकण काढलं आणि कडाडल्या, "अरे प्रफुल! कुकरची रिंग गेली नं! सारी वाफ बाजूनं जाऊन राह्यली. पाणी आटलं आन् डाळ कच्चीच!"

आणि हातातला डाव तसाच राहिला.

पाणी आटलं आन् डाळ कच्ची. पंचफुलाच्या लोट्यातल्या पाण्यानं आपले पाय भिजले होते. आपल्या लोट्यात मात्र कपभरही पाणी उरलं नव्हतं.

"हर्षा, इकडे ये." शोभाबाईंचा आवाज बदलला होता. "मले एक सांग. पाप पाणी पिते काय?"

हर्षाला त्या दिवशी पहिल्यांदा हसू फुटलं. "नाई पित, आई. वाफ निसटते. उघड्या भांड्यात पाणी शंभर डिग्रीच्या वर तापत नाई. घट्ट बंद भांड्यात मात्र दोनशेपर्यंत जाते. एवढ्या तापलेल्या पाण्यात पाला रातभर राह्यला, का त्याचा कोळसा होते. जमिनीच्या पोटात ह्याच कामाले लाखो वर्षं लागतात. शास्त्रज्ञ लोक हे प्रयोगशाळेत करतात, मंत्र न म्हणता. फक्त झाकण पक्कं पायजे."

"मंग तू बोलली काऊन नाई?"

"बोलली नं, आई. म्हणून तर लोटा कच्चा निघाला."

शोभाबाईंनी पदर खोचला.

संध्याकाळी लोटे भरले गेले. झाकणं पुढच्या चादरीवर मांडली गेली, प्रत्येक आपापल्या लोट्यासमोर. महाराज म्हणाले, "आता आरती. सगळ्यांनी डोळे मिटा. जो उघडेल, त्याचं पुण्य जळेल!"

आजवर शोभाबाईंनी डोळे असे घट्ट मिटले होते, की पापण्या दुखायच्या. आज त्यांनी एक डोळा किलकिला ठेवला. टाळ्यांच्या गजरात चेल्याचा हात हळूच त्यांच्या झाकणाकडं गेला. त्यानं आतली तांब्याची चकचकीत रिंग बोटानं उचकटली आणि लुंगीत खोचली. मग तोही भक्तिभावानं महाराजांकडं वळला. शोभाबाईंनी टाळ्या वाजवता वाजवता वाकून आपलं झाकण पंचफुलाबाईंच्या लोट्यापुढं सरकवलं आणि त्यांचं आपल्यापुढं घेतलं. पुण्य जळाल्याचा वास काही आला नाही.

सकाळी शोभाबाईंच्या लोट्यातून दणदणीत कोळसा निघाला. चेल्याचं तोंड उघडंच राहिलं. महाराज गडबडले, पण सावरले. "तपश्चर्या फळली, माई!"

मग पंचफुलाबाईंचा लोटा उलटा झाला. थपकन गोळा पडला.

"अं... पाप," महाराज चाचरले, "एका रात्रीतही शिरू शकतं."

"कोणाच्या घरात पाप?" पंचफुलाबाई उठल्या. "काल शुद्ध होतं नं? रात्री आम्ही दोघं बुढा-बुढी फक्त झोपलो होतो, महाराज!"

हशा पिकला. तेव्हा शोभाबाई स्टुलावरून उठल्या. "बाई, पाप शिरलं नाई. झाकण बदललं, आन् ते म्या बदललं." त्यांनी दोन्ही झाकणं उलटी करून सगळ्यांना दाखवली. एकात रिंग होती, एकात नव्हती. "ज्याची रिंग नाई, त्याची वाफ गेली. हे आपल्याले कुकरपाशी समजते, महाराजापाशी काऊन समजत नाई वो? माह्या झाकणाची रिंग त्या पोट्ट्याच्या लुंगीत आहे. पाहा!"

चेल्यानं लुंगी सावरली आणि पळ काढला. पळता पळता रिंगा टणटण करत रस्ताभर सांडल्या. महाराजांनीही वाघाची चादर गुंडाळली.

लोक मात्र सासूबरोबर आलेल्या हर्षाभोवती जमले. हा कोळसा बनावट आहे का? "नाई. कोळसा खरा आहे, महाराज खोटा होता," ती म्हणाली. "वाळवला तर चुलीत जळेल. वावरात टाकायचा असला तर आधी शेणखतात चांगला मुरू द्या. तसाच टाकला तर बी उगवत नाई. तेव्हाही सुनेचा पायगुण काढू नका. आन् घरी हे कोणी करू नका. ह्या लोट्याले वाफ सोडायची जागाच नाई. फुटला असता तर पहिली रांग गेली असती."

पहिली रांग मुकाट्यानं चार पावलं मागं सरकली.

"पोरी, मी चुकली," शोभाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. जिथं शब्द दिला होता, तिथंच तो परत घेतला. "बाबांनो, नवल पाहा. डोळे भरून पाहा. पण कोणी डोळे मिटायले सांगितलं, का विचारा, काऊन? आन् कोणाच्या पोरीले घराबाहेर काढायच्या आधी तर दहा वेळा विचारा."

गर्दी पांगली. पंचफुलाबाई तेवढ्या घुटमळत राहिल्या. शेवटी जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "शोभाबाई, म्हणजे माह्या घरात पाप नाई नं?"

"ते लोट्याले नाई समजत, बाई," शोभाबाई म्हणाल्या. "ते तुमचं तुम्हीच पाहा."