दहा मिलीग्रॅमचं पान

मित्रांनो, औषधांच्या एका छोट्या दुकानात काचेच्या पेटीत बसून मी म्हातारा झालो. मी तराजू आहे, पण बटाटे-कांदे तोलणाऱ्या माझ्या भावंडांसारखा धट्टाकट्टा नाही. माझी दांडी वीतभर लांब. माझी पारडी तुमच्या तळहाताच्या खळग्यात मावतील. मला काचेत ठेवतात, कारण कुणी जवळ उभं राहून उसासा टाकला तरी माझा काटा हलतो.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो माझी दांडी जिच्यावर टेकते ती धार पंधरा दिवस घासत होता. काम झाल्यावर त्याने माझ्या पारड्यात एक केस टाकला. मी थरथरलो. तो म्हणाला, "घाबरट आहे. चांगला निघाला." तेव्हापासून घाबरणं हेच माझं काम आहे. त्या कामात मी कधी हयगय केलेली नाही.

मला दुकानात आणलं आबांनी. त्यांच्यामागे दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. तिला सगळं गाव ताई म्हणतं. आबांची धाकटी बहीण, म्हणजे ताईची आत्या, सकाळी येऊन बरण्या पुसते आणि मग दिवसभर खिडकीपाशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलते. घरी तिच्याशी बोलायला कुणी नाही. ते स्टूल हाच तिचा संसार.

आता गावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं गावाच्या स्वभावामुळे घडलं. गाव म्हणजे चढाची एकच मोठी गल्ली. खाली बेकरी, मध्ये आमचं दुकान, समोर घड्याळवाले काका, वर वाचनालय. दारांना कड्या आहेत, पण त्या लावायची कुणाला सवय नाही. आणि इथे चोऱ्या उलट्या होतात. वस्तू जात नाहीत, येतात. मुलांच्या चेंडूने कुणाची कुंडी फुटली, तर दुसऱ्या दिवशी तिथे तशीच कुंडी उभी असते, त्याच रंगाच्या फुलासकट. वाचनालयातल्या पुस्तकाचं फाटलेलं पान कुणीतरी सुबक हस्ताक्षरात लिहून चिकटवून ठेवतं. कुणी "माझ्याकडून झालं" असं म्हणत नाही, आणि कुणी "कुणी केलं?" असं विचारत नाही. समोरच्याला ओशाळं करायचं नाही, ही इथली रीत.

विचारायचं नाही, पण शोधायचं, असा एकीचा छंद आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांना सगळे पाठीमागे चौकशीबाई म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. कुंडी कुणी ठेवली, पान कुणी लिहिलं, हे त्या चपलांच्या मातीवरून आणि शाईच्या रंगावरून शोधून काढतात, वहीत वेळ-वार घालून लिहितात आणि वही मिटून ठेवतात. उत्तर कुणालाही सांगत नाहीत. बाहेरगावचे पाहुणे या गोष्टी ऐकून म्हणतात, किती गोड गाव आहे. मलाही तसंच वाटायचं.

माझी वजनं एका लाकडी डबीत मखमलीवर ओळीने बसलेली असतात. मोठी पितळेची. अगदी लहान वजनं म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची चौकोनी पानं, एक कोपरा वर वळवलेली, चिमट्याने उचलता यावीत म्हणून. त्यांतलं दहा मिलीग्रॅमचं पान करंगळीच्या अर्ध्या नखाएवढं. ताई ते ठेवताना श्वास रोखून धरते. ज्या औषधांचा एक कण तारतो आणि तीन कण मारतात, त्या औषधांना ते पान लागतं. त्याच्याइतकं औषध तोलायचं, मग खलात दुधाच्या साखरेबरोबर तासभर घोटायचं, आणि त्याच्या शंभर पुड्या बांधायच्या. घोटल्यावर पुडीत औषध किती आणि साखर किती, हे कुणाच्याही डोळ्यांना कळत नाही. ते फक्त मला कळतं, आणि तेही आधी, पारड्यात असताना.

एका मंगळवारी ताई टपाल कचेरीत गेली होती. आत्या माझी पेटी पुसत होती. वजनांची डबी उघडी होती, आणि आत्याला शिंक आली.

दहाचं पान उडालं. आत्या गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी शोधत राहिली. केराची सुपली चाळली. स्वतःचा पदर झटकला. पान मिळालं नाही. महिन्यापूर्वीच तिच्या हातून एक बरणी फुटली होती, आणि ताई काचा गोळा करता करता म्हणाली होती, "आत्या, आता घरीच बसत जा ना. कशाला दगदग?" ताईने ते मायेने म्हटलं होतं. आत्याला ते हद्दपारीसारखं लागलं होतं.

तिने वीस मिलीग्रॅमचं पान नमुन्यासाठी रुमालात गुंडाळलं आणि ती समोर घड्याळवाल्या काकांकडे गेली. काकांनी काय, कशाला, काही विचारलं नाही. रीतच तशी. त्यांनी एका बंद पडलेल्या घड्याळाची निकेलची तबकडी घेतली, तिला घासून त्या नमुन्याइतकं पातळ केलं, आत्याने सांगितलेल्या मापाचा चौकोन कापला, कोपरा वळवला, आकडा कोरला. आत्याने परत येऊन दोन्ही पानं जागेवर ठेवली, डबी पुन्हा भरली. रंग तोच, चकाकी तीच. आत्याने मखमलीवरून बोट फिरवलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

माप तेच होतं, मित्रांनो. पण निकेल ॲल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड असतं.

गुरुवारी ताईने ते पान माझ्या उजव्या पारड्यात ठेवलं. पारडं असं खाली गेलं की माझी दांडी शहारली. जुनं पान पारड्यावर पिसासारखं टेकायचं. हे आदळलं. ताईने श्वास रोखला होता, तिची नजर डाव्या पारड्यातल्या भुकटीवर होती. चमच्याच्या टोकाने ती कण कण टाकत गेली. मी खालीच राहिलो. ती आणखी टाकत गेली. मला माझा काटा अडकवून ठेवायचा होता, दांडी मोडून घ्यायची होती. पण मला तसं घडवलेलंच नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि काटा मधोमध आला.

ती भुकटी पोस्टमास्तरांच्या हृदयाच्या औषधाची होती. शंभर पुड्या झाल्या. पोस्टमास्तर स्वतः न्यायला आले, आत्याला म्हणाले, "काय स्टूलमास्तर, आज गप्प? जीभ घरी विसरलात का?"

"तुम्ही जावा हो आपल्या वाटेने," आत्या म्हणाली, आणि हसली.

मग मी दिवस मोजू लागलो. रोज दहा वाजता ते दारावरून जात. रोज मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत असे. सहाव्या दिवशी ती पावलं जरा हळू वाटली. आठव्या दिवशी ते आमच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, जेवण जात नाही. दहाव्या दिवशी ते आलेच नाहीत. अकराव्या दिवशी त्यांच्या सुनेने दारात उभं राहून सांगितलं, "मामंजींना सगळं पिवळं दिसतंय. दूध पिवळं, भिंत पिवळी. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, तुला कावीळ झालीय का गं?"

डॉक्टरांनी नाडी धरली. ती इतकी सावकाश होती की ते दोन ठोक्यांच्या मध्ये घाबरून थांबत. औषध जास्त गेलंय, ते म्हणाले. पुड्या बंद झाल्या, त्यांतल्या काही तपासायला शहरात पाठवल्या. उत्तर यायला आठवडा लागणार होता.

तो आठवडा गावाने कड्या लावून काढला. ज्या दारांना कड्या कशा बसतात हे ठाऊक नव्हतं, ती दारं आतून करकरू लागली. विष घातलं कुणी? पोस्टमास्तरांचा पुड्यांचा डबा ओसरीवर असायचा, येता-जाता कुणाचाही हात पोचेल असा. चौकशीबाई वही घेऊन घरोघर फिरल्या. कुत्र्यावरून भांडलेला शेजारी, पत्त्यांत हरलेला मित्र, सगळ्यांची नावं वहीत चढली. बेकरीत लोक पाव घेताना आधी हुंगू लागले. आणि ताईच्या दुकानासमोरून जाताना बोलणारे दोघं गप्प होत, पुढे गेल्यावर पुन्हा बोलू लागत.

ताईने मला तपासलं. ग्रॅमभराची पितळी वजनं दोन्हीकडे घातली, अदलाबदल करून पाहिली. "तराजू बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि वजनं तर आबांच्या वेळची. माझ्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही."

आत्या बरणी पुसत होती. एकच बरणी, केव्हापासून. तिला अजून नीट काही कळलं नव्हतं, असं मला वाटतं. माप तर तेच होतं ना? पण तिच्या हातातलं फडकं थांबलं, आणि तेव्हापासून ती माझ्या पेटीकडे बघायचं टाळू लागली.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, शहरातून उत्तर यायच्या आधीच, बेकरीवाली आली. तिच्या सात वर्षांच्या मुलीला पोटात कळा येत होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिने ती पुढे केली, पण सोडली नाही. "ताई, रागावू नका," ती म्हणाली, "पण तुमच्यासमोरच उभी राहते. सगळे काय काय बोलतायत."

"उभी राहा," ताई म्हणाली. "बघ नीट."

खिडकीपाशी चौकशीबाई बसल्या होत्या, आत्याशेजारी. ताईने डबी उघडली. बाटलीतली भुकटी काढली. चिमट्याने पान उचललं. दहाचं. ते माझ्या पारड्याकडे येऊ लागलं, आणि मित्रांनो, त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की कारागिराने मला पारड्यांऐवजी एक जीभ द्यायला हवी होती.

पारडं आदळलं. ताईने चमचा उचलला.

"थांब," आत्या म्हणाली.

ताई थांबली नाही. "आत्या, आता नको."

"ते पान आबांचं नाही."

चमचा हवेत राहिला. आत्या स्टुलावरून उठली होती. "आबांचं माझ्याकडून हरवलं. शिंक आली मला. मी हे करून आणलं, समोरून. अगदी तस्संच आहे गं. पण त्या पोरीला देऊ नकोस. मला कळत नाही काय झालंय ते, पण देऊ नकोस."

ताईने चमचा खाली ठेवला. ते पान पारड्यातच राहू दिलं आणि समोरच्या पारड्यात बाकीची पानं घालू लागली. पाच. दोन. दोन. एक. झाले दहा. मी जागचा हललो नाही. तिने वीसचं पान घातलं. तीस झाले, तरी नवं पान पुरतं उठलं नाही.

ती हिशेब मोठ्याने बोलली नाही. शास्त्र शिकलेल्या माणसाला त्याची गरज नसते. तिने फक्त विचारलं, "कधी?"

आत्याला दिवस आठवेना. उत्तर तिच्या शेजारून आलं. चौकशीबाईंनी वही उघडली होती, आणि त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "दोन आठवड्यांमागच्या मंगळवारी, साडेअकराला. रुमालात काहीतरी घेऊन घड्याळवाल्यांकडे गेली. सव्वाला परत. मी लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंत," ताई म्हणाली. "आणि गावभर विष शोधत फिरलात."

"आपल्याकडे सांगत नाहीत गं कुणाचं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तिचं कानातलं-बिनातलं तुटलं असेल."

बेकरीवालीने धरून ठेवलेली चिठ्ठी आता ताईच्या हातात सोडली.

मधल्या दिवसांत ते पान दुसऱ्या कुणाच्या औषधाला लागलं नव्हतं. हे कुणाच्या हुशारीने घडलं नाही. नुसतं घडलं. ताईने त्याच दुपारी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं, किती पटीने गेलं तेही. पोस्टमास्तरांची नाडी ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले. ते वाचले, पण आता चढावर दोनदा थांबतात. घड्याळवाल्या काकांनी ते निकेलचं पान मागून नेलं आणि हातोडीने त्याचा गोळा केला. कुणी काही बोललं नाही तरी ते महिनाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

आत्याला घरी बसवतील, असं मला वाटलं होतं. तिलाही. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही, तर ताई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. "तू सांगितलंस," ती म्हणाली. "आता तूच इथे हवीस." मग तिने शहरातून आलेलं नवं दहाचं पान आत्यासमोर माझ्यात तोलून दाखवलं, पाच-दोन-दोन-एकच्या विरुद्ध. आता ते रोज सकाळी होतं. बेकरीवालीची मुलगीही कधीकधी येते, पेटीच्या काचेला नाक लावून बघते.

गाव अजूनही गोड आहे. परवाच एकाची सायकलची घंटा मोडली, आणि लगेच नवी बसलेली दिसली. पाहुणे हसले. मी हसलो नाही.

मित्रांनो, तुमच्या हातून काही फुटेल, उडेल, हरवेल. तसं दुसरं आणून ठेवण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला जाऊन सांगा. ओरडा बसेल कदाचित. पण आत्याला एक वाक्य बोलायला सोळा दिवस लागले, आणि त्यांतले अकरा दिवस एका माणसाने रोज एक पुडी घेतली. मला वाचा नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. माझ्यासमोर तुम्ही जे ठेवाल, त्याच्याशीच मी तोलतो. खोटं ठेवलंत, तरी माझा काटा मधोमध उभा राहील, आणि बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक आहे.