भुरीची पिल्लं

अंबिका गेली तेव्हा भुरी दीड वर्षाची होती. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर घरात तिचे पती नृसिंह जोर्वेकर आणि ती मांजर, एवढेच उरले. जोर्वेकर श्रीरामपूरजवळच्या बेलापुरातल्या एका सोसायटीच्या धान्याच्या गोदामावर कीपर होते. सकाळी आठला कुलूप काढायचं, संध्याकाळी सहाला लावायचं. दिवसभर मांजर घरात कोंडायला नको म्हणून एके दिवशी त्यांनी तिला पिशवीत घातलं, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि गोदामावर आणून सोडलं. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता. त्या दिवसांत त्यांच्या कशामागेच विचार नसायचा.

भुरी साधी गावठी मांजर. शाळेमागच्या कडब्याच्या गंजीत अंबिकेला सापडलेली. अंगावर राखाडी पट्टे, शेपटीचं टोक मोडलेलं. अंबिका तिला अंगणापलीकडे जाऊ द्यायची नाही. बाहेर बोका ओरडायला लागला की खिडक्या लावून घ्यायची. "एकीचं करणं होतंय तेवढं पुरे," म्हणायची. "हिला चार झाली तर त्यांचं कोण बघणार?" जोर्वेकर तेव्हा पेपर वाचत असायचे.

गोदामावर भुरीला अडवणारं कोणी नव्हतं. तिथल्या उंदरांचा तिने महिन्याभरात फडशा पाडला. पोत्यांच्या थप्पीवर ती बसलेली असायची आणि हमाल तिला वळसा घालून जायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती रिकाम्या बारदानात व्याली. चार पिल्लं झाली. ती सव्वा महिन्याची होण्याआधीच माणसं मागायला आली. उंदीर कोणाच्या घरात नव्हते? सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथ बनकर स्वतः एक घेऊन गेले. चारही पिल्लं गेली तेव्हा जोर्वेकरांना फारसं काही वाटलं नाही. सगळी कुठे ना कुठे लागली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पुढच्या खेपेला मात्र त्यांनी स्वतःहून लक्ष घातलं. गावात एका तेलघाण्यावर मोठ्या डोक्याचा काळा बोका होता. तो घुशीसुद्धा मारतो असं लोक सांगायचे. भुरी माजावर आली तशी जोर्वेकरांनी घाण्यावरून तो बोका पोत्यात घालून आणवला आणि दोन दिवस दोघांना बारदानाच्या खोलीत कोंडून ठेवलं. अंबिका गेल्यापासून त्यांनी आपणहून केलेलं हे पहिलंच काम. गोदाम झाडायला येणारी छबूबाई हातात केरसुणी घेऊन दारात उभी राहिली.

"भाऊसाहेब, हे काय चाललंय?"

"चांगली पिल्लं होतील. लोक मागतात."

"मांजरं काय कमी हायेत व्हय गावात? उकिरड्यावर बघा की जाऊन."

"ती वेगळी. ही कामाची होतील."

छबूबाई केर काढायला लागली. ती पन्नाशीची, नदीपलीकडच्या वस्तीवर राहणारी बाई. जोर्वेकरांची बायको वारल्यापासून ती त्यांच्याशी जरा जपून बोलायची.

पाच पिल्लं झाली. तीन काळी, दोन पट्ट्यांची. तीही गेली. मग आणखी चार. 'भुरीचं पिल्लू' असा शब्दच पडला. उक्कलगावहून, पढेगावहून माणसं सायकलीवर टोपली बांधून यायची. जोर्वेकर पिल्लू हातात द्यायचे, "पहिले आठ दिवस दूध घाला" म्हणायचे आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसायचे. कोणी आपल्याकडे काहीतरी मागायला येतंय, ते आपल्याकडे आहे, हे बरं वाटायचं. निदान तेव्हा तरी त्यांनी त्याला बरं वाटणं असंच नाव दिलं असतं.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लांबल्या. पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतली माणसं खडी फोडायला जाऊ लागली आणि परदेशातली लाल मिलो ज्वारी ट्रक भरभरून गोदामात यायला लागली. थप्प्या छताला टेकल्या. तिथून ती आठ गावांतल्या वाटपाच्या दुकानांत जायची. शेतात खायला काही उरलं नाही, तसे उंदीर वस्तीत शिरले. दुकानदारांच्या तक्रारी आल्या. पोती फुटतात, धान्यात लेंड्या येतात, लोक परत आणून टाकतात.

रंगनाथरावांनी जोर्वेकरांना बोलावलं.

"तुमची मांजर आता कितवर आहे?"

"सहा झालीत या खेपेला. तीन आठवड्यांची आहेत. आधीची दोन गोदामावरच आहेत."

"म्हणजे आठ. दुकानंही आठच. प्रत्येकी एक द्या पाठवून. आणि हिला पुन्हा लावा. लागतील अजून."

दिवाळीनंतरच्या आठवड्यात जोर्वेकरांनी मिलोच्या टेम्पोबरोबर आठ पिल्लं पाठवली. त्यातली सहा अजून अंगावर पीत होती. टेम्पो चालवणाऱ्या सूर्यभानने टोपल्या पोत्यांवर ठेवून वरून दोरी आवळली. टेम्पो गेल्यावर भुरी दोन दिवस गोदामाच्या दारात ओरडत फिरली. तिसऱ्या दिवशी थांबली.

एक पिल्लू छबूबाईच्या वस्तीजवळच्या दुकानात गेलं होतं. पंधराएक दिवसांनी ती झाडता झाडता म्हणाली, "ते आमच्याकडचं मेलं, भाऊसाहेब."

"कशानं?"

"कशानं म्हंजे? दीड म्हैन्याचं पोर ते. दूध कुठून घालायचं त्याला? मान्सांच्या लेकरांना न्हाई. दुकानदार म्हनला, उंदीर खाईल. त्याच्यापरास उंदीरच मोठे हुते."

जोर्वेकरांनी मान हलवली.

"तुमी बघून आलात का कुठं? बाकीची?"

"नाही."

"मग एकदा या जाऊन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. कचरा भरून ती निघून गेली.

रविवारी जोर्वेकर सायकल घेऊन निघाले. जावंसं वाटत होतं म्हणून नाही. तिने सांगितलं होतं आणि दुसरं काही काम नव्हतं, म्हणून. पहिल्या दुकानातलं पिल्लू कुत्र्यांनी नेलं होतं. दुसरीकडे दुकानदाराला आठवेचना. त्याच्या बायकोने सांगितलं, आलं त्याच दिवशी ते कुठेतरी गेलं. तिसऱ्या गावात, मच्छिंद्रच्या दुकानात, पिल्लू होतं. आधीच्या वेळच्या दोनांपैकी एक, काळं, चार महिन्यांचं. त्याच्या गळ्यात सुतळी होती आणि ती तराजूच्या खांबाला बांधलेली होती. मच्छिंद्र पंचविशीचा, भला माणूस. त्याने जोर्वेकरांना पाणी दिलं.

"सोडलं की पळतंय," तो म्हणाला. "हरवलं तर सोसायटी विचारेल. म्हणून बांधलं."

"बांधल्यावर उंदीर कसे धरणार?"

"तेच ना. याचा काय उपयोग न्हाई बघा. तुमी दुसरं द्या पाठवून."

सुतळीखाली केस गेले होते. जोर्वेकरांनी वाकून गाठ चाचपली. बोट आत जात होतं. त्यांनी हात काढून घेतला, पाण्याचा तांब्या परत दिला आणि सायकलवर बसले. चौथ्या गावात पिल्लू धष्टपुष्ट होतं. दुकानदाराची मुलगी त्याला घेऊन बसली होती. त्यापुढच्या गावांना ते गेले नाहीत. परतताना आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी थोडी वाट पाहिली. ऊन होतं, वारा समोरून होता, पायडल जड जात होतं. तेवढंच कळत होतं.

त्यानंतरही तेलघाण्यावरचा बोका आणला गेला. रंगनाथरावांनी सांगितलं होतं आणि जोर्वेकरांनी नाही म्हटलं नाही.

फेब्रुवारीत उंदीर मारायचं औषध आलं. काळी पूड, लसणासारखा वास. पिठात आणि तेलात कालवून गोळ्या करायच्या आणि शनिवारी सगळ्या दुकानांत एकदमच टाकायच्या, असं ठरलं. गुरुवारी रंगनाथरावांनी पुड्यांचं खोकं जोर्वेकरांच्या टेबलावर ठेवलं.

"तुमची मांजर दोन-चार दिवस घरी न्या," ते म्हणाले. "मेलेला उंदीर खाल्ला तर तीही जायची."

जोर्वेकरांनी त्या संध्याकाळी भुरीला घरी नेलं. तिचं पोट खाली आलं होतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी आठ पुड्या मोजून आठ पिशव्यांत भरल्या आणि टेम्पोत ठेवल्या. सूर्यभान स्टेअरिंगवर बसला होता.

"भाऊसाहेब, दुकानात मांजरं हायेत त्यांचं काय सांगू?"

जोर्वेकर फळीला हात लावून उभे राहिले. एक वाक्य सांगायचं होतं. मांजर दोन-चार दिवस घरात कोंडा. सूर्यभानने ते आठही ठिकाणी सांगितलं असतं. पण कोणती दुकानं, कोणाकडे अजून मांजर आहे, कोणाकडे कोंडायला खोली आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात आलं आणि ते फार लांबचं वाटलं.

"काय सांगणार," ते म्हणाले.

सूर्यभानने गाडी चालू केली.

मंगळवारी तो मिलो घेऊन गेला आणि बुधवारी येऊन त्याने सांगितलं. चार मांजरं उरली होती, त्यातली तीन गेली. त्या मुलीचं मांजर विहिरीशी पाणी प्यायला गेलं आणि तिथेच पडलं. "पोरगी लई रडली म्हने," सूर्यभान म्हणाला. "मच्छिंद्रकडचं वाचलं. बांधलेलं हुतं ना."

जोर्वेकरांनी विचारलं, "उंदीर?"

"मेले की. लई मेले."

छबूबाई तिथेच होती. ती मेलेल्या उंदरांचं घमेलं उचलून खड्ड्याकडे गेली.

भुरी त्याच आठवड्यात घरी व्याली. अंबिकेच्या ट्रंकेमागे, जुन्या गोधडीवर. पाच पिल्लं. जोर्वेकरांनी तिला पुन्हा गोदामावर नेलं नाही. पिल्लं दीड महिन्याची झाली, दोन महिन्यांची झाली. माणसं आली. "नाही," जोर्वेकर म्हणाले. का नाही, हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं, म्हणून ते नुसतं नाही म्हणायचे. रंगनाथराव आले तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं.

"अहो, गावठी मांजराची पिल्लं ती," रंगनाथराव म्हणाले. "त्यांचं एवढं काय?"

"मी आणली म्हणून ती आली," जोर्वेकर म्हणाले. "आपोआप झाली नाहीत. मी बोका आणला, खोलीला कडी लावली. नाहीतर ती नसती."

"मग आता काय करणार?"

"ही पाच ठेवणार. आणखी होऊ देणार नाही."

एप्रिलमध्ये त्यांनी भुरीला टोपलीत घालून एस.टी.ने श्रीरामपूरला, गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते. बैलांच्या रांगेत टोपली घेऊन बसलेल्या या गृहस्थाकडे त्यांनी दोनदा पाहिलं. जोर्वेकरांनी काम सांगितलं तेव्हा मागचा शेतकरी हसला. मांजरीलाही कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण लावायचा का, असं त्याने विचारलं.

"जातिवंत आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. गावठी."

"मग कशाला त्रास घेता? होतात, जातात. मी शिकताना एकदाच केलंय मांजरीचं. दगावू शकते ही."

"बरं," जोर्वेकर म्हणाले. मग म्हणाले, "हिची चोवीस झाली. मला माहीत आहेत त्यांतली बहुतेक मेली. करून बघा."

डॉक्टरांनी दुपारी, जनावरांची गर्दी सरल्यावर, ऑपरेशन केलं. भुरी वाचली. आठवडाभर ती ट्रंकेमागे पडून राहिली आणि पिल्लांवर फिसकारत राहिली. मग उठली, खाऊ लागली.

पाचांतल्या दोन माद्या होत्या. त्याही सहा-सात महिन्यांच्या झाल्यावर जोर्वेकरांनी एकेक करून नेल्या. यंदा पाऊस झाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजरी उभी होती. पहिली सुखरूप परत आली. दुसरी, पांढऱ्या पायांची, भुलीतून उठली नाही. डॉक्टरांनी तिला बराच वेळ चोळलं, मग टॉवेलने हात पुसले.

"मी म्हणालो होतो," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो. तुमचं काही चुकलं नाही."

जोर्वेकरांनी तिला त्याच टोपलीत घालून आणलं. एस.टी.त टोपली मांडीवर घेऊन बसले. घरामागे, तुळशीपासून दूर, खड्डा खणायला घेतला. छबूबाई गोदामाची किल्ली द्यायला आली होती, ती बांधाशी थांबली.

"चांगली धडधाकट हुती," ती म्हणाली. "नेली नसती तर जगली असती."

"हो."

"तिची पिल्लं मेली असती, पन ती जगली असती."

"हो," जोर्वेकर पुन्हा म्हणाले. "दोन्ही खरं आहे."

छबूबाईने पदर खोचला, त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि खड्डा आणखी हातभर खोल केला. कुत्री उकरतात, म्हणाली. दोघांनी माती लोटली. ती गेल्यावर जोर्वेकरांनी हातपाय धुतले आणि भात टाकला. घरातली पाच मांजरं पायांशी घोटाळायला लागली. त्यांना वाढताना त्यांनी सवयीने सहा वाट्या मांडल्या. सहावी हातात घेऊन ते चुलीपाशी उभे राहिले. छातीत काहीतरी दुखत होतं. आधी त्यांना वाटलं, फावडं चालवल्यामुळे असेल. फावडं त्यांनी थोडंच चालवलं होतं. मग ते पाटावर बसले आणि दुखू दिलं.